गुळावाचून दाण्याची वडी

गारगोटीच्या पंचक्रोशीत वेदगंगेच्या पाण्यावर ऊस पिकतो व माळावर भुईमूग. म्हणून गूळ-दाण्याची चिक्की हा येथील घरोघरचा खाऊ होय. परंतु समभाग गुळाच्या 25 ग्रॅम चिक्कीत सुमारे 13 ग्रॅम कर्बोदके असतात, व त्यांतील बहुतेक साखरच. ज्या घरी मधुमेही माणूस आहे, तेथे ही गोष्ट उपेक्षणीय नव्हे.

गूळ केवळ गोडीसाठी नसतो. तो दाणे बांधून धरतो. तो वगळावयाचा तर हे काम दुसऱ्या कोणी केले पाहिजे. दाण्याचे तेल व थोडा खजूर मिळून ते करतात.

भाजून सोललेले दाणे 200 ग्रॅम घ्यावेत. निम्मे तेल सुटेपर्यंत उखळात कुटावेत, निम्मे भरड ठेवावेत. भाजलेले तीळ, भाजलेल्या जवसाची पूड व सुक्या खोबऱ्याचा कीस प्रत्येकी 50 ग्रॅम मिसळावा. बिया काढलेला मऊ खजूर 50 ग्रॅम कुटून त्यात मळावा. ताटात घट्ट थापून 16 वड्या पाडाव्यात. एका वडीत सुमारे 7 ग्रॅम कर्बोदके येतात. त्यांतही तंतूंचा भाग मोठा.

बुरशी लागलेला दाणा मात्र निवडून फेकावा. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही. यास्तव शेंगा कडकडीत वाळवूनच साठवाव्यात. जवस लवकर खवट होते; वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठवड्यात संपवाव्यात. मधुमेह्याने एका वेळी एकच वडी खावी. खजुरात साखर आहेच, आणि वडी म्हणजे औषध नव्हे.