टॅब्लेट घ्यावा काय?

शाळेचें नवें वर्ष जवळ आलें कीं वह्या, दप्तर व गणवेश यांच्या यादींत अलीकडे आणखी एका वस्तूचें नांव डोकावूं लागलें आहे. ती वस्तु म्हणजे टॅब्लेट. २०२० सालीं शाळा बंद असतां एकाच मोबाईलवर दोन-तीन भावंडांनीं शिकण्याची पाळी अनेक घरांवर आली, तेव्हांपासून तर ही मागणी विशेषच वाढली. "वर्गांत अमक्याकडे आहे, मग मला कां नको?" असें मुलांनीं म्हणावें, आणि "घरांत मोबाईल आहे, संगणक आहे. आतां हें तिसरें कशाला?" असें वडिलांनीं म्हणावें, हा संवाद आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं झालाच असेल. दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें खरें आहे. या प्रश्नाचा निवाडा हौसेनें अगर रागानें न करतां हिशेबानें कसा करावा, एवढेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. टॅब्लेट या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थच लिहिण्याची लहानशी पाटी असा आहे. मुलांसाठीं पाटीसारखा हातांत धरतां येईल असा संगणक करावा, ही कल्पना अमेरिकेंतील संशोधक ॲलन के यांस १९६८ सालीं सुचली, व १९७२ सालीं त्यांनीं ती 'डायनाबुक' या नांवानें सविस्तर मांडली. परंतु तशी वस्तु त्या काळीं तयार होऊं शकली नाहीं. पुढें २०१० च्या जानेवारींत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं आयपॅड लोकांपुढें ठेवला. त्या प्रसंगीं त्यांनीं स्वतःच असा प्रश्न घातला होता कीं, मोबाईल व लॅपटॉप यांच्यामध्यें तिसऱ्या उपकरणास जागा आहे काय? कांहीं महत्त्वाचीं कामें त्यानें त्या दोहोंपेक्षां सरस केलीं, तरच जागा आहे, असें त्यांचें उत्तर होतें. विकणाऱ्यानें लावलेली ही कसोटी विकत घेणाऱ्यानें कां विसरावी?

आपल्या देशांत २०११ च्या ऑक्टोबरांत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब्लेट पुढें आणला. सरकारास तो सुमारें सव्वादोन हजार रुपयांस पडत होता. हेतु स्तुत्य होता. परंतु पडदा सात इंचांचा व बोटानें दाबावा लागणारा, आणि रॅम अवघी २५६ मेगाबाइट. त्यामुळें काम फार मंद गतीनें होई. ज्या कामासाठीं वस्तु घेतली तें काम तिच्यानें नीट होत नसेल, तर ती कितीहि थोड्या पैशांत मिळाली तरी महागच होय.

आतां कामांकडे वळूं. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ रूपानें विनामूल्य मिळतात. ए-४ आकाराचें पान २१ सेंटिमीटर रुंद असतें. साडेसहा इंची मोबाईल उभा धरला असतां त्याच्या पडद्याची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते. म्हणजे सबंध पान त्यांत मावावयाचें तर प्रत्येक अक्षर मूळच्या एक-तृतीयांश होणार! तें मोठें करावें, तर ओळ पडद्याबाहेर जाते, आकृति एकीकडे व तिचें वर्णन दुसरीकडे राहतें, आणि मूल पान ओढीत बसतें. अकरा इंची टॅब्लेटचा पडदा १५ ते १७ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर अक्षर मूळच्या सुमारें तीन-चतुर्थांश राहतें व पान पानासारखें दिसतें. वाचणें, आकृति न्याहाळणें, लेखणीनें गणित सोडविणें, या कामीं टॅब्लेट निःसंशय सरस आहे.

लिहिण्याची गोष्ट मात्र निराळी. संगणकाच्या कळफलकावर दहाहि बोटें चालतात. कांचेवर बोटांस कळेची जागा समजत नाहीं, व पडद्याचा बराच भाग कळफलकच व्यापून टाकतो. निबंध टंकलिखित करणें, कोष्टकें मांडणें, प्रोग्रॅम लिहिणें, हीं कामें संगणकावरच सुखानें होतात. टॅब्लेटला वेगळा कळफलक व लेखणी घेतां येते हें खरें. पण त्यांची किंमत मिळविली कीं बेरीज पुष्कळदां साध्या लॅपटॉपपाशीं जाऊन पोंचते.

गेल्या वर्षीं एक पालक आमच्याकडे आले. मुलगी दहावींत, मुलगा सातवींत. घरांत एकच मोबाईल, तो सकाळीं सात वाजतां त्यांच्याबरोबर कारखान्यांत जाई; आणि टेबलावर एक जुना संगणक, जो सुरू होण्यासच दहा मिनिटें घेई, म्हणून कोणी त्यास हात लावीत नसे. मुलीनें टॅब्लेटचा हट्ट धरला होता. "सर, हप्त्यानें घेईन, पण घ्यावा कीं नाहीं तेवढें आपण सांगा," असें ते म्हणाले. आम्हीं होय-नाहीं कांहींच न सांगतां आठ दिवस एक वही ठेवण्यास सुचविलें. अभ्यास जेव्हां जेव्हां अडेल, तेव्हां दिवस, काम व अडचण अशा तीन रकान्यांत नोंद करावयाची, आणि ती मुलीनेंच करावयाची.

आठ दिवसांनीं वही आली. तींत एकोणीस नोंदी होत्या. बारा ठिकाणीं अडचण एकच: मोबाईल घरांत नव्हता. चार ठिकाणीं: अक्षर बारीक, वाचवलें नाहीं. उरलेल्या तीन नोंदी निबंध व प्रकल्प टंकलिखित करण्याच्या. मुलीस टॅब्लेट मनापासून हवा होता, तरीहि तिनें खरें तेंच लिहिलें होतें, आणि शेवटीं आपण होऊन एक ओळ घातली होती: "बाबा, संगणक नीट चालता तर यांतलीं पुष्कळ कामें झालीं असतीं." ती ओळ दाखवितांना वडिलांचा कंठ दाटून आला. त्यांनीं जुनी हार्ड डिस्क काढून एस. एस. डी. बसविली व रॅम वाढविली. टॅब्लेटच्या किंमतीच्या लहानशा भागांत काम झालें. संध्याकाळीं मोबाईल घरीं आल्यावर पुस्तकें व पाठ संगणकांत उतरवून ठेवावयाचे, असा क्रमहि ठरला.

याच वहीनें दुसऱ्या एका घरीं उलट निकाल दिला. तेथील मुलाची दृष्टि मंद. छापील पान तो नाकाशीं धरून वाची. संगणकापुढें वाकून बसलें कीं पाठ दुखे. मोबाईलवर अक्षर मोठें केलें कीं एका ओळींत दोनच शब्द मावत. टॅब्लेटवर त्यास अक्षर हवें तेवढें वाढवितां आलें व पडदा हवा तेवढा जवळ धरतां आला. त्या घरीं टॅब्लेट ही चैन नव्हे, चष्म्यासारखी गरज होती. आणि काटकसर करून तो घ्यावा, असें आम्हीं निःशंकपणें सांगितलें.

घेण्याचें ठरलेंच, तर चार गोष्टी पाहाव्या. निर्माता सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षें पुरविणार तें विचारावें. बॅटरी वापरानें व उष्णतेनें हळूहळू क्षीण होते, म्हणून ती बदलण्याचा खर्च आधींच समजून घ्यावा. लेखणी घ्यावयाची असल्यास ती त्याच टॅब्लेटवर चालते कीं नाहीं तें पाहावें. कारण प्रत्येक लेखणी प्रत्येक टॅब्लेटवर चालत नाहीं. आणि सिमशिवायचा टॅब्लेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवूं म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मोबाईल कामावर गेला म्हणजे हॉटस्पॉटहि त्याबरोबर जातो!

तात्पर्य, जें काम रोज करावें लागतें व घरांत असलेल्या साधनांनीं नीट होत नाहीं, त्यासाठींच तिसरें साधन घ्यावें. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळीं कांहीं मागावयाचें झाल्यास आधीं आठ दिवसांची वही वडिलांपुढें ठेवा. आणि पालकहो, ती वही खरेपणानें लिहिलेली असेल, तर नाहीं म्हणण्यापूर्वीं ती एकदां शेवटपर्यंत वाचा.