बिशपपद नाकारणारे संत

प्रश्न : गोव्याच्या सहलीत एका चर्चमध्ये गळ्यात जपमाळ घातलेल्या पाद्र्यांची तसबीर पाहिली. हे गोव्याचे संत, असं तिथे सांगितलं. ते बिशप होते का? संत व्हायला आधी बिशप व्हावं लागतं का?
— एक वाचक, लोणी (ता. आंबेगाव)

उत्तर : नाही, तशी अट नाही. बिशप म्हणजे सहसा एका धर्मप्रांताचे प्रमुख. त्यांना पोप नेमतात. (तुमचं लोणी पुणे धर्मप्रांतात येतं.) संत मात्र माणूस गेल्यावर, त्याच्या आयुष्याची कसून छाननी झाल्यावर जाहीर होतात. गोव्यातल्या दिवाडी बेटाचे मातेव द कास्त्रो १६३७ साली बिशप झाले, पण ते संत नाहीत. तुम्ही पाहिलेली तसबीर जुझे वाझ यांची असावी. ते संत आहेत, आणि बिशपपद चालून आलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

वाझ १६५१ साली बाणावलीत जन्मले. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्र्यांवर बंदी घातली होती. तिथल्या भाविकांना कुणी वाली उरला नव्हता. हे कळल्यावर वाझ मजुराच्या वेषात निघाले आणि १६८७ साली जाफन्यात पोचले. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भीक मागत. माळ बघून कुणाचा चेहरा उजळला, की घर कॅथलिक हे समजायचं. मग रात्री, दारं लावून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. १६९२ साली श्रीलंकेतल्याच कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगिजांचे हेर समजून कैदही केलं. पुढे सुटका झाली.

मला सगळ्यात भिडतं ते १६९७ साल. कँडीत देवीची साथ आली. लस निघायला अजून शंभर वर्षं होती. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले, रोगी रानात टाकले गेले. वाझ आणि त्यांचे सोबती फादर जुझे कार्व्हाल्यो त्या रोग्यांकडे गेले. त्यांना झोपड्या बांधून दिल्या, जखमा धुतल्या, भरवलं, मेलेल्यांना मूठमाती दिली. धर्म कुणाचा, हे विचारलं नाही.

१७०५ साली पोपचे दूत तुर्नों यांना वाझना श्रीलंकेचे बिशप करायचं होतं. वाझ साधे पाद्रीच राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. तसबिरीत बिशपचा उंच मुकुट तुम्हाला दिसला नाही, तो यामुळे.