शाश्वतता शिकवताना: अनुभवाचे बोल

१. व्याख्येआधी कोंभाळणे. शाश्वत विकास म्हटलं की डी.एल.एड.चे छात्राध्यापक टाचणात १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाची व्याख्या उतरवतात. व्याख्या चांगलीच आहे. पण मी आधी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्याबद्दल सांगतो. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून गावठी बियाणं नेणाऱ्यानं पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. हा रिवाज कळला की पुढच्या पिढ्यांचा वाटा कशाला म्हणतात ते वेगळं समजवावं लागत नाही.

२. कोण श्रेष्ठ, हा वाद लावू नये. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या कोठारात २००८ पासून बियाणं उणे १८ अंशांवर ठेवतात. कोंभाळण्यात ते राख लावून मडक्यात राहतं आणि हंगामात शेतात जातं. गोठवलेलं बी संकटातून तरतं, पेरलेलं बी बदलत्या पावसाशी जुळवून घेतं. आपल्याला दोन्ही हवीत. राहीबाईंच्या कामालाही बायफ संस्थेची तांत्रिक साथ मिळालीच.

३. पाणी मोजूनच शिकवावं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हे फळ्यावर मांडलं की मग हिवरे बाजार हे गाव उलगडतं. तिथं पडलेला पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. पर्जन्यमापक बाहेरून आला; कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर न घेणं हे गावानं ठरवलं. सामाईक संपत्ती लोक स्वतः नियम करून राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात दाखवलं, २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. घरी पाणीखाऊ ऊस असलेली मुलं इथं हिरिरीनं भांडतात. भांडू द्यावं, आमच्या जिल्ह्याचा खरा प्रश्न तोच आहे.

४. देवराईला, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानाला, निव्वळ अंधश्रद्धा ठरवणारं टाचण मी परत करतो. पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं, असं म्हणणारंही.

५. ठाकर, महादेव कोळी अशा आदिवासी घरांतले छात्राध्यापक वर्गात गप्प बसतात. स्नेहसंमेलनात त्यांना नाचायला सांगतात, याचा मला राग येतो. त्यांना पाठ द्यावा. कुरडू, भारंगी, चाई अशी रानभाजी कधी खुडायची, किती खुडायची, मुळं का राखायची हे त्यांच्याइतकं नेमकं वर्गात कुणालाच येत नाही. सराव पाठात मी त्यांना परिसर अभ्यासाचा हाच घटक देतो, आणि निरीक्षणाला बाकीच्यांना वही घेऊन बसवतो.