शंका आली तर बोला : लेकरांच्या आणि दुर्बलांच्या रक्षणाविषयी अभ्यासपाठ

वाचन : २ शमुवेल १३:१-२२, नीतिसूत्रे ३१:८-९



या तिमाहीचा पाठ लिहायला मला जड गेला, कारण सुरुवात माझ्याच चुकीपासून करावी लागते आहे.

काही वर्षांपूर्वी मढच्या एका पाड्यावर मी संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत असे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. बडबडी, पाढे म्हणायला सगळ्यांच्या पुढे. पावसाळ्यानंतर ती गप्प झाली. कोणी मागून आले की दचकायची. वर्ग सुटला तरी दप्तर भरायची नाही. एकदा म्हणाली, "ताई, मला इथंच झोपू दे ना."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण ज्यांच्याकडे ती राहत होती त्या नातेवाइकांनीच आम्हाला वर्गासाठी खोली दिली होती. मी स्वतःला सांगितले, खात्री झाल्याशिवाय कुणाचे नाव कसे घ्यायचे? अकरा दिवस गेले. मग खात्री करून घ्यावी म्हणून मी त्या घरच्या बाईंनाच विचारले. तिसऱ्या दिवशी मुलीला गावी पाठवून दिले होते आणि खोलीला कुलूप होते. पुढे तिच्या मावशीकडून सगळे कळले. आम्ही दोघी पोलिसांकडे गेलो, गुन्हा नोंदला गेला, पण तोवर बराच काळ लोटला होता आणि लेकरू बोलेनासे झाले होते. मी विचारायला गेले, त्यामुळे घरचे सावध झाले. हे मला आजही टोचते.

वचनातून काय दिसते?

तामारेची कथा आपण उपासनेत क्वचितच वाचतो. ती सावकाश वाचा. अत्याचार करणारा परका नाही, सावत्र भाऊ आहे. आजारपणाचे निमित्त आहे. तिला त्याच्या घरी पाठवणारा स्वतः तिचा बाप आहे, त्याला काही ठाऊक नाही. नंतर तामार गप्प बसत नाही. वस्त्र फाडून, डोक्यावर राख घालून रडत जाते. तिला गप्प करतो तो तिचा सख्खा भाऊ अबशालोम, घरचीच गोष्ट आहे म्हणून. दावीद राजाला राग येतो, पण तो करत काहीच नाही. न्याय झाला नाही, तामार भावाच्या घरी उदास राहिली आणि दोन वर्षांनी त्याच घराण्यात खून पडला.

नुसता राग येऊन लेकराचे रक्षण होत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात राजाला आईची शिकवण आहे : ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तू बोल. दाविदाने नेमके तेच केले नाही.

कायदा काय सांगतो?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगी असो वा मुलगा, गुन्हा घडल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा घडेल अशी भीती वाटते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे (कलम १९). न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही; संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड (कलम २१). सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. पाळक, शिक्षक, डॉक्टर, वॉर्डन, कुणालाही यातून सूट नाही.

आपल्या कामाशी थेट जोडलेले उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातले आहे. एप्रिल २०१९ मध्ये राजुऱ्यातील एका शाळेच्या वसतिगृहात सतरा अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर, माहिती असूनही न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. डॉक्टर दोषी की निर्दोष हे खटल्यात ठरायचे होते. पण माहीत असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यातून बहुधा गुन्हेगारालाच आडोसा मिळतो, हे न्यायालयाने स्पष्ट केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांबाबत जे घडले, त्यातही शाळा चालवणाऱ्यांवर याच कलमाखाली गुन्हा नोंदला गेला.

खुणा कोणत्या?

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर डोळेझाकही करू नका.

लेकरांमध्ये : एकाएकी गप्प होणे, अंथरुण ओले करणे, पोटात किंवा लघवीच्या जागी दुखणे, ठराविक माणसाला टाळणे, सुट्टीत घरी किंवा सुट्टीनंतर वसतिगृहात जायला नकार, कुठून आले ते न सांगता येणारे पैसे वा मोबाइल, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे.

वृद्ध आणि अपंग व्यक्तींमध्ये : न सांगता येणारे वळ, उपासमार, औषध बंद, कोणी भेटायला आले की घरच्यानेच उत्तरे देणे. आपल्या पाड्यांवर एक खूण हमखास पाहा : श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे पासबुक कुणाच्या खिशात आहे? आजी अंगठा उठवते आणि पैसे दुसराच खातो, हाही छळच आहे.

लेकरू सांगू लागले तर

शांत राहा. ऐकून घ्या. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढे म्हणा. "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ते तपास करणाऱ्यांचे काम आहे. त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. ताजी घटना असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, थेट रुग्णालयात न्या. सरकारी असो वा खाजगी, मोफत उपचार नाकारता येत नाहीत. आणि माझी चूक तुम्ही करू नका : संशयिताला किंवा त्याच्या घरच्यांना आधी विचारायला जाऊ नका.

कुठे कळवायचे?

लेकरांसाठी १०९८, दिवसरात्र, मोफत. तातडीला ११२. महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७. मढकरांसाठी मालवणी पोलीस ठाणे. पण गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. पीडित व्यक्ती आदिवासी असल्याचे आवर्जून सांगा. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. मदतीसाठी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती २०१६ च्या कायद्यानुसार कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे तहसीलदारांनाही, देऊ शकतो. सज्ञान व्यक्तीला मात्र आधी तिची इच्छा विचारा आणि तिच्यासोबत चला.

क्षमेचे काय?

"मंडळीतच मिटवू", "त्याने पश्चात्ताप केला आहे", "पंचांनी दंड घेतला", हे मी ऐकले आहे. क्षमा करायची की नाही हे ज्याने सोसले त्याने, त्याच्या वेळेला ठरवावे. आपण त्याच्या वतीने ती वाटू नये. खरा पश्चात्ताप झालेला माणूस न्यायासमोर उभा राहतो. पुढच्या लेकराला वाचवणे हे प्रीतीचेच काम आहे.

ती मुलगी आज शिकते आहे. याहून अधिक सांगणार नाही. तिची ओळख जपणे हेही रक्षणच.

गटात चर्चेसाठी

१. तामारेला कोणकोण वाचवू शकले असते, आणि कोणत्या क्षणी?
२. आपल्या संडे स्कूलमध्ये एकच मोठा माणूस मुलांसोबत एकटा असतो का? दुसरा कोण थांबेल?
३. १०९८ हा क्रमांक आपल्या मंडळीच्या भिंतीवर कुठे लावायचा? कोण लावणार, आणि कोणत्या रविवारपर्यंत?

प्रार्थना : प्रभू, आम्हाला दिसू दे, ऐकू येऊ दे, आणि वेळेत बोलण्याचे धैर्य दे. आमेन.