डोळ्यावरील वेल

जळगांव व धुळें या भागांत वैशाखाचें ऊन कित्येकदां ४५ अंशांवर जातें. अशा उन्हांत कपाशीच्या शेतांत जन्म घालविणाऱ्या पुष्कळांच्या डोळ्यांत, नाकाकडील कोपऱ्यांतून, तांबूस मांसाचा पातळ पडदा बुबुळाकडे सरकत येतो. त्यास कोणी वेल, कोणी वडस म्हणतात. “मोतीबिंदू आहे, पिकूं द्या,” असें म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. ही समजूत घातक आहे.

१. भेद. मोतीबिंदू डोळ्याच्या आंत, बाहुलीमागील भिंगांत होतो. वेल डोळ्याच्या पृष्ठभागावर पंखाच्या आकाराची वाढते व तिचें टोंक बुबुळाकडे असतें.

२. कारण. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण हें मुख्य कारण होय. धूळ व कोरडा वारा त्यांत भर घालतात. म्हणून शेतांत रुंद कांठाची टोपी व काळा चष्मा वापरावा.

३. परिणाम. प्रथम डोळा लाल होतो व खुपतो. पुढें बुबुळाची गोलाई बिघडून अंधुक दिसूं लागतें. वेल बाहुलीवर आली म्हणजे दृष्टि झांकली जाते.

४. उपाय. सुश्रुतानें या रोगास ‘अर्म’ म्हटलें व त्याचे पांच प्रकार सांगितले. आंकड्यानें धरून तें कापावें, परंतु छेद अपुरा राहिल्यास तें पुन्हां वाढतें, असा इशाराहि त्यानें दिला. आज डॉक्टर वेल काढून त्या जागीं रोग्याच्याच डोळ्यावरील पातळ त्वचा बसवितात. त्यामुळें ती पुन्हां येण्याचा संभव कमी होतो. लहान वेल कापावी लागत नाहीं. वरचेवर तपासणी पुरे. कोणत्याहि थेंबांनीं वेल विरघळत नाहीं. झाडाचा चीक किंवा चुना घातल्यास बुबुळच भाजतें. दुकानांतून आणलेल्या स्टेरॉइड थेंबांनीं लाली जाते खरी, पण ते फार दिवस घातल्यास डोळ्याचा दाब वाढून कायमचें अंधत्व येऊं शकतें.

५. सावधगिरी. वाढ पांढुरकी, खडबडीत असेल, झपाट्यानें वाढत असेल किंवा तींतून रक्त येत असेल, तर ती कर्करोगाची असूं शकते. तेव्हां एक दिवसहि न दवडतां धुळें किंवा जळगांव येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत जावें.

उपदेशक बंधूंनीं हा धडा वाचून पुढील प्रश्न विचारावे:

१. वेल व मोतीबिंदू यांत भेद कोणता?
२. डोळ्यांत चीक कां घालूं नये?
३. आपल्या गांवांत कोणाच्या डोळ्यावर अशी वाढ आहे, व त्यास रुग्णालयांत कोण नेईल?