कॅसेट देण्याआधी मीटर मोजा

घरात 'पांडू हवालदार'ची जुनी कॅसेट असेल, तर ती दुकानात नेऊन देण्याआधी तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय आहे ते कागदावर लिहून काढा. आमच्या आष्टीच्या घरची कॅसेट कायमची गेली, म्हणून एवढ्या घाईनं सांगतो आहे.

आमचे तात्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची वर्षं नगरला, रणगाडा दलाच्या केंद्रात. १९७५ साली दादा कोंडक्यांचा पोलिसी हवालदार पडद्यावर आला आणि आमच्या फौजी हवालदाराला आळीतली पोरं मागून 'पांडू' म्हणू लागली. तात्यांना त्याचा राग नव्हता. गणपतीत व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी असा एका रात्रीचा सौदा ठरला की पहिली कॅसेट कुठली, हे तेच ठरवत. "हसू सगळ्यात जास्त परेडच्या मैदानावर येतं, आणि हसायची बंदी पण तिथंच," असं म्हणत. वर्दीतल्या माणसाची फजिती वर्दी घातलेल्यालाच जास्त कळत असावी. शिवाय उषा चव्हाण, आपल्याच तालात चालणारे अशोक सराफ आणि राम-लक्ष्मणचं संगीत. पुढे कुणाकडून तरी तो सिनेमा तीन तासांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला. त्या काळी घरोघर असंच चाले. टेप शिल्लक राहिली, तिच्यावर तात्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचं चित्रण भरलं.

तात्या गेल्यावर ही कॅसेट डिस्कवर करून आणावी म्हणून एका दुकानात दिली. डिस्क मिळाली. ती लावल्यावर कोपऱ्यात कुठल्याशा चॅनलची खूण दिसली! दुकानदारानं आमची टेप चालवलीच नव्हती. इंटरनेटवरून सिनेमा उतरवून तोच भरून दिला होता. गाणी कापलेली. सत्कार अर्थात नाही. कॅसेट मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "बुरशी होती काका, टाकून दिली."

म्हणून पहिली गोष्ट. कॅसेट द्यायचीच असेल तर तिच्या अंगावर आपल्या हातानं नाव लिहा, आणि पावतीवर 'मूळ कॅसेट परत' असे शब्द लिहून घ्या. सिनेमा संपल्यावर पुढे काय आहे तेही सांगा. काम घेणारा बहुतेक वेळा नामावली आली की बटण दाबून मोकळा होतो. जमलं तर समोर बसूनच करून घ्या. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. अर्ध्या तासात डिस्क हातात पडली तर समजायचं काय ते.

कॅसेट बरीच वर्षं पडून असेल तर एकदम व्हीसीआरमध्ये ढकलू नका. झडप उचलून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का पाहा. दिसली तर ती बुरशी, आणि ती मशिनच्या हेडवर जाऊन पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. नसेल तर आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्या. आपल्याकडे बुरशीपेक्षा धूळ आणि ऊन वाईट. पत्र्याच्या खोलीत, लोखंडी पेटीत कॅसेटी ठेवल्या तर दोन उन्हाळ्यांत टेप लहरते. आतल्या खोलीत, पुस्तकासारखी उभी ठेवावी, स्पीकरजवळ नको. चालता व्हीसीआर सापडला तर नीट जपा. जगातल्या शेवटच्या मोठ्या उत्पादकानं, जपानच्या फुनाई कंपनीनं, २०१६ साली ते बनवणं थांबवलं.

नंतर व्हीसीडीचा जमाना आला. लोडशेडिंगच्या दिवसांत लाइट येईल तेव्हा लोक सिनेमा बघत आणि गेली की चकती तिथंच अडकून राही. मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणल्यावर तर भाड्याच्या दुकानांचं कंबरडंच मोडलं. पुढे ती कंपनीही २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. व्हीसीडीत एका चकतीवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं बसतात, म्हणून मराठी सिनेमा दोन चकत्यांत येई आणि दादांचा विनोद नेमका चकती बदलायच्या वेळी तुटे. तिच्या चित्राच्या भागाला साध्या डेटा सीडीइतकं चूक-दुरुस्तीचं संरक्षण नसतं, त्यामुळे एका ओरखड्यानं चौकटी-चौकटी दिसतात. चालतेय तोवर आतल्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली 'डॅट' फाइल संगणकावर उतरवून ठेवा. व्हीएलसी प्लेअरवर ती तशीच चालते.

आता प्रत पुरी आहे की कापलेली, हे कसं ओळखायचं? कव्हरवरच्या 'संपूर्ण चित्रपट' या शब्दांवर जाऊ नका. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, तिथं चित्र थांबवा. त्यावर सिनेमाची लांबी लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. आकडा मीटरमध्ये असेल तर २७.४ने भागायचं, जुन्या सिनेमाचा फुटांत असेल तर ९०ने. ३,९०० मीटर म्हणजे साधारण १४२ मिनिटं. तुमच्या डिस्कवर ११८ भरली तर कात्री लागलीय, बहुधा गाण्यांना. प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर मी ती प्रत घेत नाही.

पण १३७ भरली तर भांडायला जाऊ नका. थिएटरात सेकंदाला २४ चित्रं धावतात; आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तीच २५च्या वेगानं. चार टक्के वेळ अशीच वाचते, एकही दृश्य न कापता, आणि दादांचा आवाज किंचित वर चढलेला लागतो.

कव्हर उलटीकडूनही फसवतं. फौजी विनोदाचा जगभर गाजलेला सिनेमा म्हणजे रॉबर्ट ऑल्टमनचा 'मॅश', १९७०चा, कोरियाच्या युद्धातल्या डॉक्टरांवरचा. १९७७ साली अमेरिकेत मॅग्नेटिक व्हिडिओनं फॉक्सचे पन्नास सिनेमे घरगुती कॅसेटवर पहिल्यांदा विकायला काढले, त्यांत हा होता. मधे १९७३ला त्याची एक कापलेली, घरच्या सगळ्यांनी बघण्याजोगी आवृत्ती थिएटरांत फिरली होती. नव्वदच्या दशकात निघालेल्या कॅसेटवर त्याच सौम्य वर्गाचा शिक्का होता, त्यामुळे हीच ती कापलेली प्रत, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात आत ११६ मिनिटांचा पुरा सिनेमा होता.

टीव्ही रुंद झाल्यापासून आणखी एक खोड लागलीय. जुनं चौकोनी चित्र ताणून पडदाभर करतात आणि दादा एक तृतीयांशानं जाड दिसतात. रिमोटवर ४:३ ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. कॅसेट उतरवून घेतानाही हेच बजावून सांगा. ताणून भरलेलं चित्र नंतर सरळ करताना आणखी बिघडतं.

नेटवर शोधताना नुसतं 'पांडू' टाकलंत तर भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा २०२१चा सिनेमा पुढे येतो. दादांची आठवण जागवणाराच आहे, पण तुम्हाला हवा तो नव्हे. आणि स्वतःची प्रत यूट्यूबवर चढवायचा मोह होईल, तो आवरा. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९७५चा सिनेमा २०३५ संपेपर्यंत हक्कदारांचाच. सत्काराचा तुकडा मात्र तुमचा. तो वेगळ्या फाइलीत काढा, नाव आणि साल घाला आणि तीन घरांत तीन प्रती ठेवा. त्यातली एक मुंबई-पुण्याकडच्या पोरांकडे असली तर बरं.