वारा कुठला, कधीचा?

फ्लाइट सिम्युलेटरवर ‘लाइव्ह वेदर’ चालू केलं की आपण निर्धास्त होतो. ढग, पाऊस, धुकं थोडं इकडेतिकडे झालं तरी उड्डाणाचं फारसं बिघडत नाही. जमिनीलगतच्या वाऱ्याचं तसं नाही. धावपट्टीच्या कुठल्या टोकाकडून उतरायचं, विमान किती तिरकं धरायचं, थांबायला किती अंतर लागणार, हे सगळं वाऱ्यावर ठरतं. तो चुकीचा मिळाला तर बाकी सारं नीट करूनही लँडिंग फसतं. हवामानाचं एक विकतचं सॉफ्टवेअर वापरताना मला याचा चांगलाच अनुभव आला.

फेब्रुवारीतली दुपार होती. दिल्लीहून मुंबई, बोइंग ७३७, आणि जोडीला वॅटसिम, म्हणजे हौशी वैमानिक आणि हौशी कंट्रोलर जिथे एकाच आकाशात भेटतात ते ऑनलाइन नेटवर्क. तिथला कंट्रोलर धावपट्टी ठरवतो ती खऱ्या मेटारवरून. मेटार हा विमानतळावरच्या हवेच्या नोंदीचा सांकेतिक संदेश. त्या दुपारच्या मुंबईच्या मेटारमध्ये होतं ३२०११केटी, म्हणजे वारा ३२० अंशांकडून, ११ नॉट. उन्हं चढली की मुंबईत या दिवसांत वायव्येचा खारा वारा सुटतोच. कंट्रोलरने धावपट्टी २७ दिली, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं. हिशेबाने समोरून सातेक नॉट वारा मिळायला हवा होता.

पाचशे फुटांवर नेव्हिगेशन डिस्प्लेकडे नजर गेली. वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग, म्हणजे ग्राउंड स्पीड, हवेतल्या खऱ्या वेगापेक्षा कमी दिसतो. इथे तो पाच-सहा नॉटने जास्त होता. कोपऱ्यातला वाऱ्याचा बाण शेपटीकडून येत होता आणि शेजारी आकडा होता ०७०/०६. विमान पुढे पुढे तरंगत राहिलं, टेकायचा पट्टा मागे पडला, तेव्हा मी गो-अराउंड केला.

दुसऱ्या खेपेला उतरून विमान स्टँडवर लावलं आणि सॉफ्टवेअरची खिडकी उघडली. मुंबईच्या ओळीत वेळ होती ०३३०झेड. झेड म्हणजे यूटीसी. भारतीय वेळेने सकाळचे नऊ. घड्याळात तीन वाजून गेले होते. सकाळी मुंबईत जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो, तोच सॉफ्टवेअरने दुपारपर्यंत धरून ठेवला होता. मधल्या सहा तासांतला एकही मेटार त्याने उचलला नव्हता, आणि जोडणी चालू असल्याचा हिरवा दिवा मात्र खुशाल लागलेला होता.

तेव्हापासून पडद्यावरच्या वाऱ्याला मी चार गोष्टी विचारते: कधीचा, कुठला, कुठल्या उत्तरेचा आणि कुठल्या मापाचा?

कधीचा, हे मेटारमधल्या वेळेवरून कळतं. आपल्याकडच्या मोठ्या विमानतळांवर मेटार दर अर्ध्या तासाला निघतो, अमेरिकेत साधारण तासाला. हवा अचानक पालटली तर मध्येच विशेष संदेश येतो. म्हणून मुंबईचा तासाभरापूर्वीचा मेटार दिसला तर शंका घ्या. दुसरी गंमत सिम्युलेटरच्या घड्याळाची. रात्री अकराला बसून आपण पडद्यावर सकाळचे आठ लावतो, पण लाइव्ह वेदर सहसा रात्री अकराचंच मिळतं. तिथे सॉफ्टवेअरला बोल लावून उपयोग नाही.

कुठला, हा प्रश्न अधिक खोल आहे. काही सॉफ्टवेअर मेटार वापरतात, काही संगणकीय हवामान प्रारूपांचा अंदाज, तर काही दोन्हींची सरमिसळ. अमेरिकेचं जीएफएस हे प्रारूप दिवसातून चारदा चालतं आणि त्याचे सर्वांना खुले असलेले आकडे पाव अंशाच्या चौकटींवर मिळतात. अशी एक चौकट साधारण पंचवीस-सत्तावीस किलोमीटरची. मुंबईवर ती टाकली तर अर्धा समुद्र, शहर आणि पलीकडची खाडी एकाच आकड्यात जमा होतात. खाऱ्या वाऱ्याची नेमकी वेळ त्यात हुकली तर नवल नाही. जिथे वेधशाळा नाही अशा छोट्या धावपट्टीला काही सॉफ्टवेअर जवळच्या ठाण्याचा वारा देतात. मध्ये सह्याद्री असला तर घाटाखालच्या पट्टीला घाटावरचा वारा लागतो.

उंचीचा घोळही यातलाच. जमिनीच्या घर्षणाने वाऱ्याचा वेग घटतो आणि उत्तर गोलार्धात दिशा डावीकडे वळते. म्हणून सॉफ्टवेअर जमिनीलगतचा एक वेगळा थर धरतं. तो थर जमिनीपासून न मोजता समुद्रसपाटीपासून हजार फूट असा मोजला, तर मुंबईला काही जाणवत नाही. पण पुण्याचा लोहगाव विमानतळ १,९४२ फुटांवर आहे, लेहचा साडेदहा हजारांच्याही वर. तिथे तो थर जमिनीखालीच संपतो आणि धावपट्टीवर वरच्या आकाशातला वारा वाहू लागतो. मेटारपेक्षा वेग बराच जास्त आणि दिशा उजवीकडे सरकलेली, असं उंचावरच्या विमानतळांवरच दिसत असेल तर संशय इथे घ्यावा.

कुठल्या उत्तरेचा, हे भारतात उडवणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतात. धावपट्टीचा क्रमांक आणि टॉवरने सांगितलेला वारा चुंबकीय उत्तरेपासून. मुंबईत दोन्हींतला फरक नगण्य, म्हणून चूक झाकली जाते. सिअ‍ॅटलला तो सुमारे पंधरा अंश आहे. तिथे राहणारा माझा भाचा एकदा धावपट्टी १६ वर उतरत होता. मेटार होता १८०२०केटी. खऱ्या उत्तरेच्या हिशेबाने हा वारा तिथल्या धावपट्टीच्या अगदी सरळ रेषेत येतो. भाचा विचारत होता, “मावशी, वारा नाकासमोर आहे म्हणतात, मग मला नाक उजवीकडे का धरावं लागतंय?” त्याच्या सॉफ्टवेअरने १८० हा आकडा चुंबकीय समजून घेतला होता. त्यामुळे उजवीकडून पाचेक नॉटचा आडवा वारा फुकटचा तयार झाला.

कुठल्या मापाचा, हे चीन किंवा रशियाकडे जाताना बघा. तिथले मेटार वारा मीटर प्रतिसेकंदात देतात. ०६एमपीएस म्हणजे सहा नॉट नव्हे, जवळजवळ बारा. वारा बरोबर अर्धा मिळत असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका.

आता जे चूक नाही तेही सांगायला हवं. मेटारमधला वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला, आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार दहा मिनिटांची सरासरी असतो. टॉवर सांगतो ती दोन मिनिटांची. त्यामुळे दिशेत दहा-वीस अंश, वेगात तीन-चार नॉट इतका फरक खऱ्या विमानतळावरही पडतो. त्यावरून भांडू नये.

उतरण्याआधी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. मूळ मेटार स्वतः उघडून वाचा. सॉफ्टवेअरने भाषांतर करून दिलेल्या ओळीवर विसंबू नका. सिम्युलेटरचं स्वतःचं लाइव्ह वेदर आणि विकतचं सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू नाही ना, ते पाहा. दोघं एकमेकांचा वारा पुसत राहतात. पाचशे फुटांवर ग्राउंड स्पीड आणि हवेतला खरा वेग यांची तुलना करा. प्रवासी विमानांच्या डिस्प्लेवर वाऱ्याची दिशा बहुधा खऱ्या उत्तरेची असते, तेव्हा ती टॉवरच्या नव्हे, मेटारच्या आकड्याशी ताडा. आडव्या वाऱ्याचा तोंडी हिशेब असा: कोन ३० अंश असेल तर निम्मा वारा, ४५ ला सात दशांश, ६० ला जवळजवळ सगळा. सेस्ना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यात करून दाखवलेली मजल १५ नॉटची आहे. त्याच पुस्तकात मागून येणाऱ्या दर दोन नॉटमागे लँडिंगचं अंतर दहा टक्के वाढवायला सांगितलं आहे, तेही दहा नॉटपर्यंतच. ताळा जुळला नाही तर गो-अराउंड करा, लाइव्ह वेदर बंद करा आणि मेटारमधला वारा हाताने भरून पुन्हा या.

तक्रारही नीट करावी लागते. “वारा चुकतोय” एवढंच कळवलं तेव्हा मला ‘पुन्हा इन्स्टॉल करून पाहा’ असं छापील उत्तर आलं. मग मूळ मेटार, यूटीसी वेळ, विमानतळाची उंची, सिम्युलेटरने दिलेला वारा आणि खिडकीचा स्क्रीनशॉट असं सगळं एकत्र पाठवलं. त्यानंतरच्या सुधारित आवृत्तीत मेटार जुना झाला की तांबडी सूचना येऊ लागली.

शेवटचं सांगणं वैमानिकाचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना. सिम्युलेटरवर सराव जरूर करा, पण त्यातला वाऱ्याचा आकडा खऱ्या उड्डाणाच्या तयारीत धरू नका. तिथे भारतीय हवामानशास्त्र विभागाची अधिकृत माहिती आणि टॉवरने सांगितलेला वारा, एवढंच ग्राह्य.